मांजरीनें न उचललेलें पिल्लू

ख्रिस्ती धर्मांतील तारणाच्या कल्पनेविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून दोन समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पहिला समज असा कीं, ख्रिस्ती मनुष्यास स्वतः कांहींच करावें लागत नाहीं. येशूवर भार टाकला, पाण्याचे चार थेंब डोक्यावर घेतले, कीं मागचा सारा हिशेब फिटला आणि पुढची चिंता मिटली. दुसरा समज मिशनरी मंडळींच्या व्याख्यानांतून व पत्रकांतून पसरला. तो असा कीं, हिंदूंचा धर्म कर्माचा आणि आमचा कृपेचा. तुमच्याकडे जो तो आपलें ओझें आपण वाहतो, आमच्याकडे तें दुसऱ्यानें वाहिलें आहे. पहिला समज थट्टेचा आहे व दुसरा अभिमानाचा. परंतु दोहोंच्या बुडाशीं अज्ञान एकच आहे. मनुष्याचें तारण कितपत त्याच्या स्वतःच्या हातीं आणि कितपत ईश्वराच्या अनुग्रहावर, या प्रश्नाचें ख्रिस्ती धर्मानें एकच ठाम उत्तर देऊन ठेविलें आहे, असें दोन्ही पक्ष गृहीत धरितात. वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे. हा वाद सोळाशें वर्षें चालला आहे. त्यांत धर्मसभा भरल्या, बादशाही फर्मानें निघालीं, बिशप हद्दपार झाले, एका मठवाशास फटके बसले, आणि इ. स. १६०७ मध्यें तर खुद्द पोपानें हात टेकून दोन्ही पक्षांस एकमेकांना पाखंडी म्हणूं नका एवढेंच सांगून घरीं पाठविलें.

याहून अधिक व्यासंगी असा एक तिसरा वर्ग आहे. तो म्हणतो, यांत नवें तें काय? वानराचें पिल्लू आईच्या पोटास स्वतः बिलगून राहतें. मांजराच्या पिल्लास आई तोंडांत धरून नेते. श्रीवैष्णवांतील वडकलै व तेन्कलै या दोन शाखांचा वाद हाच, आणि ख्रिस्ती लोकांचाही हाच. जर्मन पंडित रूडॉल्फ ओटो यांनीं १९३० मध्यें भारतांतील अनुग्रहधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांच्या तुलनेवर एक ग्रंथच लिहिला, तेव्हांपासून या दृष्टान्तास पाश्चात्त्य शिक्काही मिळाला. दृष्टान्त गोड आहे यांत शंका नाहीं. पण त्यांत एक गोष्ट सोयीस्करपणें सुटते. दोन्ही पिल्लें शेवटीं पैलतीरास पोंचतात! जें पिल्लू मांजरीनें उचललेंच नाहीं, जें तिनें पाहून न पाहिल्यासारखें करून आगींत तसेंच टाकिलें, त्याचें काय, हा प्रश्न दृष्टान्त विचारीतच नाहीं. ख्रिस्ती धर्मांत जो वाद पेटला तो नेमका त्या तिसऱ्या पिल्लावरून पेटला, आणि आमच्या मतें त्याचा निकाल चुकीचा लागला.

वादी पेलाजिअस हा ब्रिटन बेटांतला. चौथ्या शतकाच्या अखेरीस तो रोम येथें आला. तो पाद्री नव्हता. विरक्त वृत्तीचा, अभ्यासू आणि उपदेश करण्यांत कुशल असा गृहस्थ होता. त्या वेळीं रोममधील बड्या घराण्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता खरा, पण तो बराचसा राजमान्य रिवाज म्हणून. मेजवान्या, गुलाम, व्याजबट्टा सारें पूर्ववत् चालूं होतें, आणि कोणी टोंकलें म्हणजे उत्तर तयार असे, कीं देह दुर्बल आहे, आम्हीं पामरांनीं काय करावें? हें उत्तर आमच्या वाचकांस अनोळखी नसावें. देव बुद्धि देईल तेव्हां तंबाखू सुटेल, असें म्हणत पन्नाशी गांठलेले गृहस्थ प्रत्येकाच्या नात्यांत एखादा तरी सांपडतो. पेलाजिअसचा संताप या सबबीवर होता. ऑगस्टिनच्या प्रसिद्ध आत्मचरित्रांत एक प्रार्थना आहे. तिचा आशय असा कीं, देवा, तूं जी आज्ञा करशील ती पाळण्याची शक्तिही तूंच दे, मग हवी ती आज्ञा कर. एका बिशपानें हें वाक्य पेलाजिअसपुढें म्हटलें तेव्हां तो इतका खवळला कीं भांडण व्हावयाचें तेवढें राहिलें, ही हकीकत ऑगस्टिननेंच लिहून ठेविली आहे. पेलाजिअसला त्या प्रार्थनेंत नम्रता दिसली नाहीं. त्याला आळशाची पळवाट दिसली.

इ. स. ४१३ च्या सुमारास दिमित्रिआस नांवाच्या एका थोर कुळांतील मुलीनें आजन्म ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें. तिला पेलाजिअसनें जें दीर्घ पत्र लिहिलें त्यांत त्याचें सारें तत्त्वज्ञान आलें आहे. शिष्यास सदाचार शिकवावयाचा तर प्रथम त्याच्या स्वभावांत किती सामर्थ्य आहे तें त्यास दाखवावें. ज्यास तुला हें जमणारच नाहीं असें सांगितलें तो कशाला उठेल? ईश्वरानें मनुष्यास बरें आणि वाईट यांत निवड करण्याची शक्ति दिली, नियमशास्त्र दिलें, ख्रिस्ताचें उदाहरण दिलें, झाल्या पापांची क्षमा दिली. हाच अनुग्रह. कोणत्याही चांगल्या शाळामास्तरास हें म्हणणें पटेल, आणि आम्हांसही प्रथमदर्शनीं तें पटतें.

परंतु एवढ्यावर ऑगस्टिनला दोषी ठरविणें हा अन्याय होईल. मनुष्याच्या मनाचें जें ज्ञान त्याला होतें त्याच्या निम्मेंही पेलाजिअसला नव्हतें. इ. स. ३८६ मध्यें मिलान येथील एका बागेंत तो स्वतःच्याच इच्छेशीं झुंजत बसला होता. हाताला हालण्याची आज्ञा करावी तर हात तत्काळ हालतो. मनाला पालटण्याची आज्ञा करावी तर तेंच मन तें ऐकत नाहीं, आज्ञा करणारें आणि न ऐकणारें एकच असतांना! हें जें त्यानें तेथें पाहिलें तें ज्यानें कधीं एखादें व्यसन, एखादा द्वेष, एखादी लाचारी सोडण्याचा मनापासून यत्न केला आहे त्याला नवें वाटणार नाहीं. उलट पेलाजिअसच्या शिकवणींत एक कठोरपणा दडला आहे, तो त्याच्या आधुनिक चाहत्यांच्या नजरेस येत नाहीं. मनुष्यास निष्पाप राहणें शक्य आहे असें एकदां ठरलें कीं निष्पाप राहणें बंधनकारक होतें, आणि प्रत्येक पतन हा बुद्धिपुरस्सर केलेला गुन्हा ठरतो. सिसिली बेटांत तर या पंथाच्या लोकांनीं श्रीमंतानें सर्वस्व टाकल्याशिवाय त्याला स्वर्गांत थारा नाहीं असें सांगण्यापर्यंत मजल नेली. आम्हांला तरी अशा निर्दोष माणसांच्या वस्तींत बिऱ्हाड करावेंसें वाटत नाहीं.

तेव्हां आमचें म्हणणें पेलाजिअस बरोबर आणि ऑगस्टिन चूक असें सरळसोट नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, मला जें साधलें तें माझ्या बळानें साधलें नाहीं, हें वाक्य मनुष्यानें स्वतःविषयीं बोलावें तोंपर्यंत त्याच्याइतकें खरें दुसरें वाक्य नाहीं. तुकोबांनीं तें वारंवार म्हटलें आहे. आणि १८९५ मध्यें ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांस तुकोबांपासून ख्रिस्ताकडे जाण्यास वाट सांपडली ती याच वाक्याच्या आधारानें, असें आम्हांस वाटतें. पण तेंच वाक्य फिरवून दुसऱ्यावर लावलें, त्याला जें साधलें नाहीं तें ईश्वरानें त्याला दिलेंच नव्हतें म्हणून साधलें नाहीं असें म्हटलें, कीं कृतज्ञतेचें रूपांतर निवाड्यांत होतें. आत्मचरित्र लिहिणारा ऑगस्टिन पहिलें वाक्य बोलत होता. पुढें वादाच्या भरांत, वर्षानुवर्षें प्रतिपक्षास उत्तरें देतां देतां, तो दुसरें बोलूं लागला. आणि तें त्यानें प्रथम ज्यांच्यावर लाविलें तीं नुकतीं जन्मलेलीं मुलें होतीं.

हें घडलें कसें तें पाहण्याजोगें आहे. पापांच्या क्षमेसाठीं बाप्तिस्मा द्यावयाचा, आणि तान्ह्या मुलांसही बाप्तिस्मा देण्याची चाल त्या वेळीं पडलेली. पेलाजिअसच्या बाजूचे विचारीत, या अर्भकानें पाप कधीं केलें? ऑगस्टिननें उत्तर दिलें, ज्याअर्थीं चर्च त्यास क्षमेचें स्नान घालतें त्याअर्थीं त्याच्या ठिकाणीं पाप असलेंच पाहिजे, आणि तें आदामापासून वंशपरंपरेनें आलेलें असलें पाहिजे. आधार म्हणून त्यानें पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील पांचव्या अध्यायाचें बारावें वचन पुढें केलें. त्याच्या हातीं असलेल्या लॅटिन भाषांतराचा अर्थ आदामाच्या ठायीं सर्वांनीं पाप केलें असा तो लावी. मूळ ग्रीक शब्दांचा सरळ अर्थ ज्या कारणें सर्वांनीं पाप केलें असा होतो, हें आज सर्वसाधारणपणें मान्य आहे. ऑगस्टिनचें ग्रीक बेताचेंच होतें. आमच्याकडे एका अवग्रहावरून द्वैताद्वैताचे तट पडले, त्यास हंसणाऱ्या पाश्चात्त्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं एका शब्दयोगी अव्ययाच्या भाषांतरावर त्यांच्याकडे सबंध मानवजातीच्या दंडाची इमारत उभी राहिली. ग्रीक भाषेंत विचार करणाऱ्या पौर्वात्य चर्चनें मात्र ती इमारत कधींच बांधिली नाहीं. आदामामुळें मृत्यु व विकार आले, अपराध आला नाहीं, आणि तारणांत ईश्वर व मनुष्य दोघे मिळून काम करितात, असेंच तें चर्च आजतागायत मानीत आलें आहे.

पुढची पायरी अटळ होती. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या मुलाचें काय? ऑगस्टिनचें उत्तर असें कीं तें नरकांत जातें. मात्र त्याची शिक्षा सर्वांत सौम्य असते. श्रद्धावान आईबाप बाप्तिस्म्यासाठीं धांवपळ करीत असतांना मूल दगावतें, आणि अधर्मी आईबापांचें मूल दुसऱ्याच कोणाच्या हातून बाप्तिस्मा पावून तरतें, हें तो स्वतःच उदाहरणादाखल सांगतो. दोघांचा अपराध सारखा, गुण सारखे, मग एक कां उचललें व दुसरें कां टाकिलें? यावर त्याचें उत्तर एकच, कीं ईश्वराचे निवाडे अगाध आहेत. दक्षिण इटलींतील एक्लानमचा बिशप ज्यूलिअन यानें नेमका हाच मुद्दा धरिला. नवजात बालकांस दंड करणारा न्यायी म्हणवत नाहीं, मग त्याचें नांव कांहीं असो, असा त्याचा युक्तिवाद होता. ऑगस्टिन त्याच्याविरुद्ध अखेरपर्यंत लिहीत होता. ४३० च्या ऑगस्टांत, हिप्पो शहरास व्हँडल लोकांचा वेढा पडला असतांना तो वारला, तेव्हां ज्यूलिअनवरील शेवटचा ग्रंथ अपुराच राहिला. ग्रंथ अपुरा राहिला आणि उत्तरही.

आतां निकाल कसा लागला तें सांगतों, कारण पाठ्यपुस्तकांतून हें प्रकरण गर्विष्ठ पेलाजिअसचा नम्र चर्चनें केलेला पराभव असें थोडक्यांत उरकण्यांत येतें. ४१५ च्या डिसेंबरांत पॅलेस्टाइनमधील दिओस्पोलिस येथें बिशपांच्या सभेनें पेलाजिअसची चौकशी केली व त्यास निर्दोष सोडिलें. आफ्रिकेंतील बिशपांनीं पुढल्या वर्षीं दोन सभा भरवून त्यास दोषी ठरविलें व पोप इनोसंट याची संमति ४१७ च्या जानेवारींत मिळविली. मार्चांत इनोसंट वारला. नव्या पोपानें, झोसिमसनें, कागदपत्रें पुन्हां पाहिलीं आणि पेलाजिअस व त्याचा शिष्य सेलेस्टिअस यांत त्यास आक्षेपार्ह कांहीं सांपडेना; उलट आफ्रिकेच्या बिशपांनाच त्यानें उतावळेपणाबद्दल कानपिचक्या दिल्या. प्रकरण येथें संपावयाचें. पण ३० एप्रिल ४१८ रोजीं रावेना येथून बादशहा होनोरिअस याचें फर्मान निघालें आणि पेलाजिअसपंथी रोममधून हद्दपार झाले. दुसऱ्याच दिवशीं कार्थेज येथें दोनशेंच्यावर बिशपांनीं त्या मतांचा निषेध केला. त्यानंतर झोसिमसलाही आपलें पूर्वीचें मत चुकीचें होतें असा साक्षात्कार झाला! ज्यूलिअन व त्याच्याबरोबरचे अठरा बिशप यांनीं सही नाकारली व ते पदांस मुकले. ऑगस्टिनच्या मित्रानें दरबारांतील अंमलदारांसाठीं आफ्रिकेंतून ऐंशी पोसलेले घोडे नेले असा ज्यूलिअनचा आरोप आहे. तो प्रतिपक्षाचा आरोप आहे म्हणून आम्ही त्यावर भिस्त ठेवीत नाहीं. तारखांचा क्रमच पुरेसा बोलका आहे.

यावर कोणी म्हणेल, राजाज्ञेनें लागला म्हणून निकाल खोटा ठरत नाहीं. कबूल. मग तो निकाल खुद्द चर्चला किती पचला तें पाहूं. ४२६ च्या सुमारास आफ्रिकेंतीलच हद्रुमेतम येथील मठांत ऑगस्टिनचें एक पत्र वाचलें गेलें. तेथील कांहीं मठवाशांनीं सरळ विचारिलें, सर्व कांहीं ईश्वरच देतो तर चुकल्याबद्दल महंतांनीं आम्हांस रागें कां भरावें? आमच्यासाठीं प्रार्थना करावी म्हणजे झालें! प्रश्न खट्याळ वाटतो, पण पेलाजिअसनें वीस वर्षांपूर्वीं ज्याची भीति बाळगिली तेंच हें. मार्सेल्स येथील जॉन कॅसिअन या अनुभवी साधूनें मग मधली वाट सुचविली: कधीं अनुग्रह पुढें होतो व मनुष्य मागून येतो, कधीं मनुष्य एक पाऊल टाकितो व अनुग्रह त्यास हात देतो, चोराचें आणि जकातदाराचें तारण एकाच सांच्यांत बसवूं नये. इतकें समंजस मत त्या शतकांत दुसरें आम्हांस दिसत नाहीं. ५२९ मध्यें ऑरेंज येथें चौदा बिशपांनीं तेंही नापसंत ठरविलें, श्रद्धेचा पहिला अंकुरसुद्धां अनुग्रहाचाच असें ठरविलें; परंतु त्याच दमांत ईश्वर कोणास पापासाठीं नेमून ठेवितो असें म्हणणारास शापही दिला. म्हणजे ऑगस्टिनचा पहिला अर्धा भाग मान्य आणि दुसऱ्याकडे पाठ. नवव्या शतकांत गोट्शाल्क नांवाच्या मठवाशानें दोन्ही अर्धे भाग जोडून, ईश्वरानें कांहींस जीवनासाठीं तसें कांहींस मरणासाठीं नेमिलें आहे असें उघड सांगितलें, तर ८४९ मध्यें त्यास फटके मारून त्याचे लेख त्याच्याच हातानें जाळावयास लाविलें आणि मरेपर्यंत, सुमारें वीस वर्षें, कोंडून ठेविलें. गुरूस संतपद व गुरूचें गणित पुरें करणाऱ्या शिष्यास चाबूक, असा हा न्याय!

इरॅस्मस व लूथर यांचा १५२४-२५ चा वाद पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून त्यांतील दोन चित्रांपुरतेंच लिहितों. लूथरच्या मतें मनुष्याची इच्छा ही ओझ्याच्या जनावरासारखी. ईश्वर वर बसला तर इकडे, सैतान बसला तर तिकडे, आणि स्वार निवडणें जनावराच्या हातीं नाहीं. इरॅस्मसनें चालावयास शिकणाऱ्या मुलाचें चित्र काढिलें आहे. बाप समोर सफरचंद धरितो, मूल झेंपावतें, पडतें, बाप सांवरतो, आणि शेवटीं फळ हातीं येतें तें बापाच्याच देण्यानें. तथापि मूल झेंपावलें होतें हेंही खोटें नाहीं. ज्याच्या घरीं मूल आहे त्यास यांतलें खरें चित्र कोणतें तें सांगावयास धर्मशास्त्री नको.

आणि येथेंच तें तिसरें पिल्लू पुन्हां आडवें येतें. पूर्वनियोजनाचें मत कॅल्व्हिनच्या अनुयायांनीं १६१८-१९ मध्यें डॉर्ट येथें कडेकोट बांधिलें. पण त्याच ठरावांत त्यांना एक कलम घालावें लागलें, कीं धर्मशील आईबापांनीं बाल्यावस्थेंत गेलेल्या आपल्या मुलांच्या निवडीविषयीं शंका बाळगूं नये. निवड जर सर्वस्वीं गूढ, तर या मुलांपुरती ती उघड कशी झाली? तर्कानें नव्हे, रडणाऱ्या आयांनीं ती उघड करविली. १९०३ मध्यें अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियनांनीं तर बालपणीं मेलेलीं सर्वच मुलें तरतात असें जाहीर केलें. रोमच्या चर्चमध्यें मध्ययुगांतल्या पंडितांनीं ऑगस्टिनचा सौम्य नरक आणखी सौम्य करीत करीत त्याचें लिम्बो, म्हणजे नरकाच्या कांठावरची वेदनारहित जागा, केलें. आयर्लंडमध्यें बाप्तिस्मा न झालेलीं मुलें पवित्र दफनभूमीबाहेर, किलीन नांवाच्या वेगळ्या जागीं, बहुधा रात्रींच्या वेळीं पुरीत. ही चाल विसाव्या शतकापर्यंत होती. आणि २००७ मध्यें, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीनें, व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रमंडळानें एक निबंध प्रसिद्ध करून, या मुलांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम कारणें आहेत व लिम्बोची कल्पना ईश्वराच्या दयेस फार आखडून धरते असें म्हटलें. भाषा फार जपून वापरलेली आहे. आशा म्हटलें आहे, खात्री म्हटलेलें नाहीं.

आपल्या घरचा हिशेबही येथें चुकता केला पाहिजे. मध्वाचार्यांनीं जीवांचे तीन वर्ग करून त्यांतील एक कायमचा अंधतमासाठींच योग्य असें सांगितलें आहे. तेव्हां न उचललेलें पिल्लू आमच्याही घरीं आहे, आणि कर्म व कृपा यांच्या जोरावर एकमेकांस हिणविणाऱ्या दोन्ही बाजूंच्या व्याख्यात्यांनीं तें आधीं पाहावें. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं ऑग्सबुर्ग येथें लूथरपंथी व रोमन कॅथॉलिक यांनीं अनुग्रहाविषयीं संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, तेव्हां चारशेंहून अधिक वर्षांचें भांडण मिटलें म्हणून आनंद झाला. तो योग्यच होता. पण त्याहून जुना खटला पेलाजिअसचा आहे, आणि त्याच्या दप्तरांत ४१८ सालच्या कार्थेजच्या सभेचें एक कलम आहे. तें कांहींच हस्तलिखितांत सांपडतें. बाप्तिस्म्यावांचून गेलेल्या मुलांस स्वर्गाबाहेर का होईना, पण सुखानें राहावयास कोठें मधली जागा आहे असें जो म्हणेल तो शापित, असें त्यांत लिहिलें आहे. पुढें सातशें-आठशें वर्षांनीं लिम्बो मानणाऱ्या साऱ्या पंडितांस हा शाप अक्षरशः लागू पडत होता, तरी कोणी तो लाविला नाहीं. २००७ च्या निबंधांत त्या सभेच्या निषेधाचा उल्लेख आहे, आणि निबंध त्याच्या अगदीं उलट दिशेस जातो. ज्यूलिअनचें नांव मात्र अद्याप पाखंड्यांच्याच यादींत आहे.